जावई जी.आय.पी.त की बी.बी.सी.आय.त?

मुलीचं लग्न ठरवताना पूर्वी तीन गोष्टी बघत असत: मुलाची पत्रिका, मुलाचं घराणं आणि मुलाची रेल्वे. पत्रिका जुळली नाही तर एखादी शांत करून भागे. घराण्यात काही उणं निघालं तर ‘हल्ली कोण बघतंय’ असं म्हणून पुढे जाता येई. रेल्वेच्या बाबतीत मात्र असली तडजोड चालत नसे. ‘मुलगा रेल्वेत आहे’ एवढ्यावर हुरळून जाणारा वधुपिता नवशिका समजावा. मुरलेला वधुपिता सुपारी कातरता कातरता शांतपणे विचारी, ‘‘कुठल्या रेल्वेत?’’

आजच्या वाचकाला हा प्रश्नच कळायचा नाही. त्याच्या लेखी रेल्वे म्हणजे रेल्वे. फार तर मध्य आणि पश्चिम, आणि त्यातही कुठली जास्त वेळा बंद पडते एवढाच भेद. पण एके काळी या देशात रेल्वे ही एकवचनी वस्तूच नव्हती. काही रेल्वे कंपन्यांच्या, काही सरकारच्या, काही संस्थानिकांच्या, आणि काही अशा की मालकी सरकारची आणि कारभार कंपनीचा. म्हणजे शेत एकाचं, बैल दुसऱ्याचे. तेव्हा नोकरी नेमकी कोणाची, हे विचारून घेणं शहाणपणाचंच होतं.

आपल्याकडच्या वधुपित्यापुढे मुख्यतः दोन स्थळं असायची. एक ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ आणि दुसरं ‘बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया’. ही नावं पूर्ण म्हणेपर्यंत गाडी सुटायची, म्हणून लोकांनी जी.आय.पी. आणि बी.बी.सी.आय. अशी अक्षरं केली. आमच्या घरात या दोन्ही पार्ट्या होत्या. थोरले काका जी.आय.पी.त गुड्स क्लार्क आणि आत्याचे यजमान बी.बी.सी.आय.त गुड्स क्लार्क. हुद्दा तोच, पगार जवळपास तोच, खोकलासुद्धा तोच. पण गणपतीत दोघं एकत्र आले की आरतीनंतर जो वाद पेटे, तो विसर्जनापर्यंत विझत नसे.

‘‘काय मेहुणे,’’ काका सुरुवात करीत, ‘‘तुमची गाडी सुटायच्या आधी आमची ठाण्याला जाऊन परत आली होती!’’

‘‘असेल की दादा,’’ आतोबा म्हणत, ‘‘पण पहिलंच आलेलं स्थळ कोणी पत्करतं का?’’

काकांचं म्हणणं इतिहासाला धरून होतं. जी.आय.पी. कंपनी १८४९ साली विलायतेत कायद्याने स्थापन झाली आणि १६ एप्रिल १८५३ रोजी तिची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. एकवीस मैल, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. बी.बी.सी.आय.चा जन्म १८५५चा. तिची पहिली गाडी धावली १८६० साली, तीही अंकलेश्वर ते उतराण अशा गुजरातेतल्या तुकड्यावर. मुंबईत ग्रँट रोडला ती पोचली १८६४ साली. म्हणजे मुंबईचं नाव पहिलं लावून मुंबईत सर्वांत शेवटी आलेली ही कंपनी. काका हा मुद्दा दरवर्षी न चुकता मांडत.

आता या कंपन्या मुळात कशा चालत हे सांगितलं पाहिजे, कारण त्याशिवाय नोकरीचं मर्म कळत नाही. रुळांवर पैसे लावायला विलायतेतला भागधारक सहजासहजी तयार होईना. तेव्हा सरकारने त्याला हमी दिली, की बाबा रे, तू पैसे घाल, जमीन आम्ही फुकट देतो, आणि रेल्वेला फायदा होवो न होवो, तुला दरसाल पाच टक्के मिळतील. कमी पडले तर आम्ही भरू. ‘आम्ही’ म्हणजे अर्थातच हिंदुस्थानचा तिजोरीखाना, म्हणजे पर्यायाने शेतसारा भरणारा शेतकरी. अशी हमी मिळाल्यावर काटकसर कोण करतो? जावयाला सासऱ्याच्या खर्चाने घर बांधायला सांगितलं, की तो दोन खोल्यांवर थांबत नाही.

ही पाच टक्क्यांची हमी वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढची शंभर वर्षं रेल्वेतला प्रत्येक माणूस, कारकून असो की खलाशी, आपापल्या परीने हीच हमी शोधत होता. भागधारकाला ती पहिल्या दिवशी मिळाली. बाकीच्यांना फार वाट पाहावी लागली.

पण आपण स्थळं पाहत होतो. वधुपित्याच्या मनातल्या तक्त्यातला पहिला रकाना म्हणजे इमारत. ज्याचं हापिस भव्य त्याची नोकरी पक्की, असा आपला साधा हिशेब. इथे जी.आय.पी. बाजी मारून जाई. व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम १८७८ साली सुरू झालं आणि १८८८ साली पुरं झालं. घुमट, कमानी, मोर, माकडं, दगडी वेलबुट्टी! त्यात बसून वाघिणींच्या पावत्या फाडणाऱ्या कारकुनालासुद्धा आपण राजवाड्यात कामाला आहोत असं वाटत असणार. बी.बी.सी.आय.ने मग १८९९ साली चर्चगेटसमोर आपलं मुख्य कार्यालय उभारलं, आणि गंमत म्हणजे दोन्ही इमारतींचा शिल्पकार एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. एकाच शिंप्याने दोन्ही व्याह्यांचे कोट शिवावेत तसा प्रकार.

दुसरा रकाना बदलीचा. हा मुलीच्या आईच्या अखत्यारीतला. जी.आय.पी.त बदली झाली की कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, दौंड, सोलापूर. सगळीकडे मराठी बोलणारा शेजार, भाकरीचं पीठ आणि हळदीकुंकवाला चार बायका. लांब फेकलं तर रायचूर, जबलपूर किंवा झाशी. झाशीला निदान राणीचं नाव होतं. बी.बी.सी.आय.चं तसं नव्हतं. डहाणू ओलांडलं की मराठी मुलूख हळूहळू संपायचा, आणि मग बलसाड, सुरत, बडोदा, रतलाम. शिवाय राजपुताना-माळव्याची मीटरगेज लाईन १८८५ पासून याच कंपनीकडे, तेव्हा अजमेरची टांगती तलवार कायम. आमच्या आत्याचं माप आधी अजमेरच्याच उंबरठ्यावर लवंडलं. परत आली ती डाळबाटी शिकून. आतोबा मात्र अजमेरचं नाव निघालं की ताठ बसत. ‘‘आमच्या अजमेरच्या कारखान्यात १८९५ साली हिंदुस्थानात बांधलेलं पहिलं इंजिन तयार झालं. तुमच्या परळला काय झालं?’’ काका यावर पाणी मागत.

तिसरा रकाना साहेबाचा. कंपनीचा इथला सर्वांत मोठा साहेब म्हणजे ‘एजंट’. आज एजंट म्हटलं की विमा आठवतो आणि माणूस दार लावून घेतो. तेव्हा एजंट येणार म्हटलं की स्टेशनं धुऊन निघत. मालक लंडनला, एजंट मुंबईला, आणि मधल्या पायऱ्यांवर ओळीने गोरे. मेल गाडीच्या इंजिनावर गोरा किंवा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्डाच्या डब्यात बहुतेक त्याचाच भाऊबंद, आणि कोळसा मारणारा फायरमन आपला. आपल्या मुलाने चढायचं किती, तर लहानशा स्टेशनाचा मास्तर होईपर्यंत.

१९२०-२१ साली सर विल्यम ॲकवर्थ यांच्या समितीने हा सगळा कारभार तपासला. तेव्हा रेल्वेत सुमारे ७ लाख १० हजार माणसं होती. त्यातली सात लाख हिंदी आणि गोरी फक्त सात हजार. म्हणजे शंभरात एक. पण समितीने लिहिलं, की हे सात हजार म्हणजे पाण्याच्या पेल्यावरचा तेलाचा पातळ तवंग आहे. वर तरंगतो, खालच्या पाण्यात मिसळत नाही. सर्वांत वरच्या जागांपैकी एकीवरही हिंदी माणूस नव्हता. या रकान्यात दोन्ही कंपन्यांना सारखेच गुण, म्हणजे शून्य. काका आणि आतोबा यांचं एकमत होण्याचा हा एकच मुद्दा असल्यामुळे ते त्याची चर्चाच करीत नसत. एकमत झालं तर वाद कशाचा करणार?

चौथा रकाना पासाचा. रेल्वेच्या जावयाचा खरा दागिना तो. सहकुटुंब, सहपरिवार काशीयात्रा! पण पासाचा वर्ग हुद्द्यावर ठरे. जी.आय.पी.ने १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू केली आणि सगळ्या पुण्याची मान उंचावली. बी.बी.सी.आय.ची फ्राँटियर मेल दोन वर्षं आधीच पेशावरच्या वाटेला लागली होती. काका डेक्कन क्वीनचं वर्णन असं करीत, की जणू ती रोज यांना विचारून सुटते. प्रत्यक्षात तिला सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाचा डबा लागला १९५५ साली. म्हणजे तिसऱ्या वर्गाचा पास खिशात असलेल्या रेल्वेच्याच माणसाने पंचवीस वर्षं या राणीला प्लॅटफॉर्मवरून नमस्कार करायचा. काकांनी तो नमस्कार अभिमानाने केला. राणीच्या दाराशी का होईना, नोकरी होती ना!

पाचवा आणि खरा रकाना म्हातारपणाचा. इथे मामलेदार कचेरीतला कारकून पुढे जाई, कारण त्याला पेन्शन. रेल्वेत होता तो फंड. दर महिन्याला पगारातून कापायचा, कंपनीने आपली भर घालायची आणि निवृत्तीला एकरकमी घ्यायचा. एकरकमी पैसा आणि उपवर मुलगी या दोन गोष्टी एका घरात फार दिवस टिकत नाहीत. त्यामुळे फंड आला की मांडव पडे, आणि मांडव उतरला की निवृत्त माणूस पुन्हा मुलाच्या तोंडाकडे बघायला मोकळा.

या दोन बड्या स्थळांखेरीज काही किरकोळ स्थळंही असत. दक्षिणेकडे एम. अँड एस. एम., म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा. नावात मराठा बघून वधुपित्याला भरून येई, पण नावात मद्रासही आहे हे बदलीच्या वेळी समजे. विदर्भातल्यांना बेंगाल-नागपूर, म्हणजे बी.एन.आर. तिथे १९२७ साली खरगपूरला मोठा संप झाला, आणि त्यातले एक पुढारी व्ही. व्ही. गिरी पुढे राष्ट्रपती झाले. तेव्हा रेल्वेच्या संपात काहीच भवितव्य नसतं असं म्हणता येणार नाही. आणि एक आमची बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा जी.आय.पी.तच नोकरी केलेला साहेब. त्याने १८९७ साली अडीच फुटी रुळांची ही गाडी कुर्डुवाडीजवळून बार्शीला नेली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पसरली. नावातच ‘लाईट’, तेव्हा पगार कितपत हेवी असेल अशी वधुपित्याला शंका येई. पण मुलीची आजी म्हणे, ‘‘असू दे. विठोबाच्या गाडीतला माणूस आहे, उपाशी ठेवणार नाही.’’

इथवर वाचून कोणाला वाटेल, की रेल्वेची नोकरी म्हणजे पास, फंड आणि वेलबुट्टी. हा तक्ता आमच्यासारख्या कारकुनी घरांनी मांडलेला. रेल्वेला सर्वांत जास्त माणसं लागत ती या तक्त्याच्या खाली.

बोरघाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली पुरं झालं. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. एका वेळी चाळीस हजारांवर माणसं त्या डोंगरावर राबत होती. बायका आणि मुलंसुद्धा. पटकी आली की झोपड्यांच्या ओळी रिकाम्या होत. कडे फोडताना किती पडले आणि तापाने किती गेले, याची धड मोजदादही कोणी ठेवली नाही. १८५९ साली थकलेल्या मजुरीवरून तिथे दंगल झाली आणि पहिल्या कंत्राटदाराचं काम सुटलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. घाट बाईच्या कंत्राटावर पुरा झाला, हे काकांना ठाऊक होतं, पण आत्या समोर असताना ते सांगत नसत.

ही सगळी माणसं ‘जी.आय.पी.त’ होती का? जी.आय.पी. म्हणणार, नाही, ती कंत्राटदाराची. राबायचं कंपनीच्या रुळांवर आणि नाव मात्र कंत्राटदाराच्या वहीत. वधुपित्याच्या प्रश्नाला, ‘कुठल्या रेल्वेत?’ला, त्यांच्याकडे उत्तरच नव्हतं.

जे खुद्द नोकरीत होते त्यांच्यातही एक उतरंड होतीच. १९३८च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी.तल्या दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी तिथे जे सांगितलं ते आमच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि आयुष्यभर गँगमनच राहतो. त्याला साधं स्टेशनवरचं पोर्टर होता येत नाही. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो, आणि त्याला हा घरात चालत नाही! तेलाचा तवंग आम्हाला बोचत होता, पण त्या पेल्यात आणखी किती थर होते ते पाहायला आम्ही खाली वाकलोच नव्हतो. मेल गाडीवर गोराच ड्रायव्हर का, म्हणून चिडणारा मास्तर आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी तोच कायदा चालवत होता.

संपही झाले. १८९९ साली जी.आय.पी.चे तारमास्तर संपावर गेले तेव्हा ‘केसरी’ त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्याही आधी, १८६२ साली, हावड्याला बाराशे रेल्वे-मजुरांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम थांबवलं होतं. १९२५ साली सरकारने जी.आय.पी.चा कारभार कंपनीकडून काढून आपल्या हातात घेतला, आणि काका एका रात्रीत सरकारी नोकर झाले. लग्नाच्या बाजारात जी.आय.पी.चा भाव चढला. बी.बी.सी.आय. बिचारी १९४२ पर्यंत कंपनीच्याच हाती राहिली. पण सरकारी झाल्याने पोट भरत नाही. ४ फेब्रुवारी १९३० रोजी त्याच सरकारी जी.आय.पी.त मोठा संप पेटला. सविनय कायदेभंग सुरू झाल्यावर कामगारांच्या तुकड्या मुंबईच्या उपनगरी स्टेशनांवर गेल्या, त्यांनी पुढ्यात लाल झेंडे रोवले आणि त्या रुळांवर आडव्या झाल्या. रूळ मोकळे करायला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. संप फसला आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये डेक्कन क्वीन सुटली, हारतुऱ्यांसकट.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी.ची मध्य रेल्वे आणि बी.बी.सी.आय.ची पश्चिम रेल्वे झाली. सगळे एका घरचे जावई झाले. घरातला वाद काही त्यामुळे थांबला नाही. जुनी माणसं आणखी वीस वर्षं ‘आमची जी.आय.पी.’ म्हणतच होती. दादरला तर दोन्ही कंपन्यांची स्टेशनं एकाच पुलाखाली नांदली आणि दोघींचाही आपापला एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता. ‘एक नंबरवर भेटू’ असं सांगून लोकांनी किती मैत्र्या गमावल्या असतील! अखेर डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मांना आठपासून पुढचे आकडे दिले. म्हणजे बी.बी.सी.आय.ला एक नंबर मिळाला आणि जी.आय.पी.ला आठ. हे बघायला काका नाहीत ते एका परीने बरं झालं. आतोबाही नाहीत, ते मात्र वाईट झालं.

आणि ती हमी? ती रेल्वेच्या माणसाला मिळाली १६ नोव्हेंबर १९५७ पासून. त्या दिवसापासून रेल्वेत पेन्शन आलं. विलायतेतल्या भागधारकानंतर शंभरएक वर्षांनी आमच्या कारकुनाला, फायरमनला आणि गँगमनलाही महिन्याच्या महिन्याला काही तरी निश्चित मिळेल असा शब्द मिळाला. तो शब्द मिळाला म्हणून सगळं गोड झालं असं नाही. १९७४च्या मे महिन्यात देशभरची रेल्वे थांबली होती, ती काही हौसेने नव्हे. पुढे १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांचं ते जुनं पेन्शनही गेलं.

तरी रेल्वेची ओढ काही सुटत नाही. २०१९ साली रेल्वेने सुमारे ३५ हजार जागांची जाहिरात दिली, तर सव्वा कोटींच्या घरात अर्ज आले. ही पोरं मध्य की पश्चिम, इमारत कोणाची चांगली, बदली कुठे, यातलं काही विचारत नाहीत. कुठलीही द्या, कुठेही टाका, अजमेरलाही चालेल. कारण त्याच प्लॅटफॉर्मावर झाडू मारणारा, चादरी वाटणारा, डबे धुणारा माणूस पुन्हा कंत्राटदाराचा आहे, हे त्यांना दिसतं.

हल्लीचा वधुपिताही शहाणा झाला आहे. मुलगा रेल्वेत आहे म्हटलं तर कुठल्या रेल्वेत असं तो विचारत नाही. तो एवढंच विचारतो, ‘‘रेल्वेत ना? मग रेल्वेच्या वहीत की कंत्राटदाराच्या?’’